येवल्याची एक दिवसाची सहल

भगिनींनो, मंडळाची सहल म्हटली की त्र्यंबकेश्वर, वणी, शिर्डी ही नावे आपसूक पुढे येतात. देवदर्शन घडते, मुलांना मोकळी हवा मिळते आणि दिवेलागणीपर्यंत घरी परतता येते. याच हिशेबात बसणारे, पण बहुधा लग्नसराईच्या खरेदीपुरतेच आठवणारे एक गाव आपल्या जिल्ह्यात आहे. ते म्हणजे येवला. निफाड, विंचूर करीत सुमारे ८० किलोमीटरची वाट. सकाळी निघावे, दिवसभर पाहावे आणि रात्रीचा स्वयंपाक घरी येऊन करावा, इतके ते जवळ आहे.

रघोजी नाईकांनी हे गाव वसविले व विणकरांना येथे आणून आसरा दिला, असे येवलेकर परंपरेने सांगत आले आहेत. पैठणीचे नाव पैठणचे. पण तिचे माग आज मोठ्या संख्येने चालतात ते येवल्यात. पेशवाईत या वस्त्राला मोठा मान होता. पुढे राजाश्रय गेला, गिरणीचे कापड आले, तरी येथल्या घरांतून मागाचा आवाज थांबला नाही. आपण दुकानात पदराचे मोर, मुनिया, कमळे, नारळी काठ पाहून हरखतो. पण एकदा मागापाशी बसून पाहावे. नक्षीतील प्रत्येक रंगाची कांडी वेगळी असते. विणकर ती हाताने फिरवितो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात आपला धागा अडकवून पुढे जातो. म्हणूनच खऱ्या पैठणीचा पदर उलटा करून पाहिला तरी सुटे धागे लोंबताना दिसत नाहीत. खरेदी करताना ही एवढी परीक्षा विसरू नये. भरगच्च पदराच्या पैठणीला महिनोन्‌महिने लागतात, आणि त्या श्रमांत कांड्या भरणाऱ्या घरच्या बायकांचाही वाटा असतो.

येवल्याचा दुसरा अभिमान म्हणजे तात्या टोपे. रामचंद्र पांडुरंग येवलेकर हे त्यांचे नाव. जन्म १८१४ सालचा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि दुसरे बाजीराव ब्रह्मावर्ताला गेले, त्यांच्या मागोमाग हे कुटुंबही गेले. १८५७ च्या संग्रामात तात्यांनी इंग्रजांना किती दमविले हे आपण शाळेत वाचले आहे. १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरी येथे ते फासावर गेले.

येवल्याच्या इतिहासाचे आणखी एक पान आहे, आणि त्याची सुरुवात आपल्याच पंचवटीत झाली. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य बंधुभगिनींची मिरवणूक काळाराम मंदिरापाशी आली. मागणी एकच होती, रामाचे दर्शन. मंदिराचे दरवाजे बंद होते. दुसऱ्या दिवसापासून चारही दरवाजांपाशी सत्याग्रही बसले. पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया होत्या. घरची चूल, लहान मुले मागे ठेवून या पंचवीसजणी फाल्गुनाच्या उन्हात बंद दारापुढे बसल्या. त्याच चैत्रात रामरथाच्या वेळी दगडफेक झाली. दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुरुंगवास आणि मार सोसून लढा चालू ठेवला. तरी वर्षांमागून वर्षे गेली आणि दार काही उघडले नाही.

त्या बंद दाराचे उत्तर येवल्यात मिळाले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी तेथे दलित वर्गाची परिषद भरली. सुमारे दहा हजार लोक जमले होते. आपण हिंदू म्हणून जन्मलो हे आपल्या हाती नव्हते, परंतु हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा बाबासाहेबांनी तेथे केली. मंदिरप्रवेशासाठी आणखी शक्ती खर्चू नये, असेही ठरले. मंदिरप्रवेशाचा कायदा मुंबई प्रांतात १९४७ साली झाला. तोवर फार उशीर झाला होता. २१ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूर येथे बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्म स्वीकारला. येवल्यातील परिषदेची ती जागा आज मुक्तिभूमी म्हणून ओळखली जाते. तेथे स्मारक आहे आणि दर १३ ऑक्टोबरला लोकांची रीघ लागते.

नाशिकच्या कितीतरी घरांतील स्त्रिया पैठणीसाठी येवल्याला जाऊन आल्या असतील. मुक्तिभूमीपाशी थांबलेल्या त्या मानाने थोड्या. काहीजणींच्या आज्या त्या दारापुढे बसल्या असतील, काहीजणींच्या आज्यांनी ते दार आतून पाहिले असेल. आज दोघींच्या नाती एकाच आळीत राहतात आणि एकाच मंडळात हळदीकुंकवाला बसतात. ही हकीकत दोघींनीही जाणून घेण्याजोगी आहे.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. सकाळी निघताना गाडी पंचवटीवरून न्यावी आणि काळारामाच्या दरवाजापाशी क्षणभर थांबावे. येवल्यात पोहोचल्यावर आधी मुक्तिभूमी पाहावी, मग तात्यांच्या पुतळ्यापाशी जावे, दुपारी विणकरांचे माग पाहावेत आणि खरेदी शेवटी करावी. संक्रांतीच्या सुमारास गेल्यास पतंगांनी भरलेले आकाश आणि गच्चीगच्चीवर आसारी घेऊन उभी असलेली लहानथोर माणसेही दिसतील. मुले बरोबर असतील तर त्यांना त्या पंचवीसजणींची गोष्ट वाटेतच सांगावी. निफाड येईपर्यंत ती सहज सांगून होते.