मस्टरवर नाव नसलेले अंक

ग्रंथालय ही पवित्र जागा आहे असं आपल्याला शाळेपासून सांगत आलेत. मी सूतगिरणीत तीन पाळ्यांत राबणारा माणूस. पवित्र शब्द कानावर आला की आधी दार कुणाला बंद आहे ते बघायची मला सवय. ग्रंथालयाचं दार आज आपल्याला बंद नाही. आपण आत जातो, ओळखपत्र दाखवतो, बाकावर बसतो. पण आपले कागद आत गेले का? हे विचारायला पाहिजे. कारण कॉलेजच्या ग्रंथालयानं आज जे घेतलं नाही ते पन्नास वर्षांनी संशोधकाला सापडत नाही. आणि सापडलं नाही म्हणजे घडलंच नाही, असं म्हणायला प्रस्थापित मोकळे.

मी नरसिंहपूरच्या बाजूचा. इंदापूर तालुक्याच्या टोकाला नीरा आणि भीमा मिळतात तिथलं हे गाव. हीच भीमा वर कोरेगावावरून येते, जिथं १ जानेवारी १८१८ ला लढाई झाली. नदी एकच. पण संगमावरच्या नृसिंहाचं माहात्म्य पोथ्या सांगत आल्या, आणि कोरेगावात पडलेल्या महार शिपायांची नावं राहिली ती इंग्रजांच्या खांबावर कोरली गेली म्हणून. पोथी असो, दगड असो, कागद असो, कुणीतरी सांभाळलं तरच राहतं. काय सांभाळायचं हेही कुणीतरी ठरवतं.

कॉलेजात हे कसं ठरतं ते मी शोधत गेलो. त्याची एक गोष्ट १९२७ सालाशी येऊन थांबते. त्या साली अमेरिकेतल्या पोमोना कॉलेजच्या ग्रॉस आणि ग्रॉस या दोघांनी एक प्रश्न घेतला. लहान कॉलेजनं रसायनशास्त्राची कोणती नियतकालिकं घ्यावीत? पैसा थोडा, कपाटं थोडी. त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाचा १९२६ चा एक खंड घेतला आणि त्यातल्या लेखांनी दुसऱ्या कोणकोणत्या नियतकालिकांचे दाखले दिलेत ते मोजले. ३,६३३ दाखले निघाले. ज्याचा दाखला जास्त वेळा, ते आधी विकत घ्यायचं. १९५५ साली युजीन गारफिल्ड यांनी सगळ्या विज्ञानाची अशी सूची करायची कल्पना मांडली, १९६४ साली ती सूची छापून आली, आणि त्यातूनच आजचा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ रूढ झाला.

आता आपलं १९२७ आठवा. २० मार्चला महाडचं चवदार तळं. ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक. रकानेच्या रकाने बाबासाहेब स्वतः लिहीत होते. पैशाची ओढाताण, अंकाला उशीर, आणि १९२९ साली पाक्षिक बंद. त्याच्या आधीचा ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० ला निघाला तो शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीवर. त्याची जाहिरात पैसे देऊनसुद्धा ‘केसरी’नं छापली नाही. १९२३ साली तोही बंद पडला.

ही दोन्ही पत्रं आजच्या निकषांवर घालून बघा. नियमित निघतं का? नाही. तज्ज्ञ मंडळाकडून लेख तपासून घेतले जातात का? नाही. संपादकाचं लिखाण किती? बहुतेक सगळं. बाहेरची मान्यवर नियतकालिकं दाखला देतात का? जिथं पैसे देऊन जाहिरात घेत नव्हते तिथं दाखला कोण देणार? म्हणजे दोन्ही नापास. आणि ह्याच दोन पत्रांशिवाय महाराष्ट्राच्या विसाव्या शतकाचा इतिहास लिहून दाखवा, असं माझं आव्हान आहे.

मोजणी खोटी होती असं मी म्हणत नाही. ग्रॉसनी मोजलं ते प्रामाणिकपणे मोजलं. पण दाखल्यांची मोजणी आधीच ओळख असणाऱ्यांची ओळख वाढवते. गिरणीत बदली कामगार असतो. साच्यावर तोही उभा राहतो, सूत तोही काढतो. मस्टरवर नाव नाही म्हणून हिशेबात तो येत नाही. आपली नियतकालिकं ही अशी बदलीवर राबलेली आहेत.

दुसरं माप वापराचं. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाच्या ग्रंथालयात १९६९ साली घेतलेल्या पुस्तकांची नोंद तपासली, अहवाल १९७९ साली आला. सुमारे ४० टक्के पुस्तकं पहिल्या सहा वर्षांत एकदासुद्धा कुणी घरी नेली नव्हती. यावरून काही लोक म्हणतात, ज्याला मागणी नाही ते घेऊ नका, आहे ते काढून टाका. रसायनशास्त्राच्या जुन्या क्रमिक पुस्तकाला हे लागू असेल. पण चळवळीचा अंक वीस वर्षांत एकच माणूस मागतो आणि तो एक माणूस इतिहास फिरवतो. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. त्यातला तिसरा नियम प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे असं सांगतो. वाचक उशिरा येणार असेल तर ग्रंथानं तोवर थांबायचं कुठं? कपाटातच ना?

आता आपल्या विद्यापीठांकडे या. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१७ साली मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली. प्राध्यापकांची बढती त्या यादीला बांधलेली, म्हणून पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या दुकानांचा सुळसुळाट झाला. आपल्या पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी इतरांना बरोबर घेऊन विद्यापीठांनी सुचवलेल्या नावांतली १,००९ नियतकालिकं तपासली. २०१८ साली निष्कर्ष छापला की त्यातली ८८ टक्क्यांहून जास्त हलक्या दर्जाची असू शकतात. कुणाचा पत्ता नाही, कुणाचा नंबर खोटा. त्याच वर्षी आयोगानं यादीतून ४,३०५ नावं उडवली. मग २०१९ साली ‘केअर’ यादी आली, तिचं काम सावित्रीबाईंचं नाव असलेल्या ह्याच विद्यापीठात चाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगानं तीही बंद केली. आता निकष फक्त सुचवलेले आहेत, निर्णय ज्या त्या संस्थेचा.

म्हणजे बघा, नंबर असलेले लबाड आत गेले होते आणि नंबर नसलेले खरे बाहेर राहिले. मुळात आयएसएसएन हा नंबर दर्जाचा दाखला नाहीच. ती फक्त ओळख, मस्टरवरच्या नंबरासारखी.

मी एका कॉलेजात जाऊन जुने दलित अनियतकालिकांचे अंक आहेत का म्हणून विचारलं. ग्रंथपाल म्हणाले, ‘‘वर्गणीच्या यादीत बसत नाहीत हो. नंबर नाही, अंक वेळेवर नाही, ऑडिटला काय दाखवू?’’ माणूस वाईट नव्हता. चहा पाजला. पण त्यांच्या फॉर्मात आपल्यासाठी रकानाच नव्हता. आणि पैसा नाही असंही आता म्हणता येत नाही. १ जानेवारी २०२५ पासून ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजना सुरू झाली. तीन वर्षांना ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. शास्त्राच्या पोरांना ती मिळावीत, मला आनंदच आहे. पण गंगाधर पानतावण्यांनी औरंगाबादेतून चालवलेल्या ‘अस्मितादर्श’चे सगळे अंक एका जागी हवेत म्हटलं तर किती कॉलेजांत मिळतील?

सरकारनं १९९० साली ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘मूकनायक’ची जिल्द काढली. संपादक वसंत मून. तिच्यात ‘मूकनायक’चं १९२० हे एकच साल आहे. पत्र तर १९२३ पर्यंत चाललं. पुढच्या अंकांचं काय झालं याचा विचार करताना मला राग येतो, आणि त्या रागाचा काही भाग आपल्यावरही आहे. आपण अंक काढतो, वाटतो, वाचतो आणि रद्दीत घालतो.

तेव्हा कामाचं बोलतो. एक, प्रत्येक अंकावर वर्ष, अंक, महिना, गाव आणि किंमत टाका. तारीख नसलेला कागद साक्ष देत नाही. दोन, आयएसएसएन भारतात फुकट मिळतो, अर्ज करा. तीन, १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकानं आपलं प्रकाशन कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना पाठवायचं असतं. तो आपला हक्कही आहे, पाठवा. पोचपावती जपून ठेवा. चार, घरातल्या पेटीत, माळ्यावर, आज्याच्या ट्रंकेत जे अंक असतील त्यांची यादी करा. गंजलेल्या पिना आधी काढा, त्या कागद खातात.

आणि पाचवं, कॉलेजात शिकणाऱ्यांसाठी. तुमच्या ग्रंथालय समितीपुढं लेखी मागणी ठेवा. नियतकालिक निवडताना ‘चळवळीचं साधन’ असा वेगळा रकाना पाहिजे, त्याला नियमितपणा आणि दाखल्यांची अट नको. यूजीसीची यादी संपली आहे, ‘वरून हुकूम नाही’ ही सबब आता चालणार नाही. अर्जाची एक प्रत आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात छापू.

जयभीम.