टाकीचे स्थान : हलक्या मालमोटारीच्या इतिहासातील एक दुर्लक्षित साधन

१

यंत्राच्या इतिहासाविषयी आपल्याकडे जे लेखन होते, त्यात कारखान्याची स्थापना, संस्थापकाचे चरित्र आणि उत्पादनाचे आकडे यांना मोठे स्थान मिळते. प्रत्यक्ष यंत्राकडे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी मात्र फारशी रुजलेली नाही. ताम्रपटाचे वाचन करताना अक्षरांच्या वळणापासून कडीवरील मुद्रेपर्यंत काहीही नजरेआड होऊ न देणारा अभ्यासक पन्नास वर्षांपूर्वीच्या मोटारीपुढे उभा राहिला, म्हणजे तीत वाहनापलीकडे काही पाहत नाही. प्रस्तुत टिपणात हलक्या मालमोटारीच्या, म्हणजे ज्यास आपण पिकअप म्हणतो त्या गाडीच्या, एकाच अवयवाचा विचार करावयाचा आहे. हा अवयव म्हणजे इंधनाची टाकी व ती भरण्याचे तोंड. एके काळी ही टाकी चालकाच्या आसनाखाली होती; पुढे ती त्याच्या पाठीमागे आली; त्यानंतर केबिनीबाहेर गेली. आज जुन्या गाड्या जतन करणारे अनेक मालक तीच टाकी मिस्त्रीकरवी काढून हौद्याखाली बसवीत आहेत. मूळच्या स्थलांतरांमागे कोणता विचार होता, आणि आजच्या स्थलांतराने ऐतिहासिक साधन म्हणून त्या गाडीचे काय होते, असे येथे दोन प्रश्न आहेत. पहिल्याच्या उत्तरावाचून दुसऱ्याचा निर्णय करता येत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

२

टाकीचे पहिले स्थान उताराने ठरविले. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, अभ्यासकाला ही गोष्ट समजावून देण्यासाठी दूर जावयास नको. हर्सूल नदी व तिला मिळणारा एक ओहोळ यांच्या संगमाच्या वरच्या अंगास पाणचक्कीच्या नहराचा उगम आहे. तेथून काही किलोमीटर अंतर भूमिगत नळांतून आलेले पाणी उंचावरून हौदात पडते, ते केवळ उगम व मुख यांच्या पातळीतील अंतरामुळे. कोणतेही यंत्र ते पाणी ओढीत नाही. नहर खोदणाऱ्याला म्हणूनच उगमाची जागा आपल्या मर्जीने निवडता येत नसे. ती पातळीने त्याच्यावर लादलेली असे.

प्रारंभीच्या मोटारीची स्थिती नेमकी हीच होती. फोर्ड कंपनीच्या 'मॉडेल टी' ह्या गाडीत (१९०८ ते १९२७) इंधन कार्बुरेटरकडे स्वतःच्या भाराने वाहत असे, आणि तिच्या बहुतेक नमुन्यांत टाकी पुढल्या आसनाखाली बसविलेली होती. सपाटीवर ही व्यवस्था निर्दोष होती. परंतु अजिंठ्याच्या घाटासारखी उभी चढण लागली आणि टाकीत इंधन थोडे असले, म्हणजे गाडीचा पुढचा भाग वर उचलला जाऊन कार्बुरेटर टाकीच्या पातळीला येई व इंजिन उपाशी राही. अशा वेळी गाडी उलटी फिरवून मागल्या गतीने घाट चढविण्याची युक्ती त्या काळच्या चालकांमध्ये सर्वश्रुत होती. १९२७ च्या अखेरीस आलेल्या 'मॉडेल ए'मध्ये टाकी उंच उचलून समोरच्या काचेपुढे, इंजिनामागील पडद्याशी आणण्यात आली. उताराचा प्रश्न सुटला. मात्र पेट्रोल आता चालकाच्या गुडघ्यांसमोर येऊन बसले. ह्या रचनेत माणसाच्या सुरक्षिततेचा विचार नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या काळी चालकाला ज्या संकटाची खरी धास्ती होती ते संकट आगीचे नसून वाटेत बंद पडण्याचे होते, एवढेच त्यावरून दिसते.

३

१९२० च्या दशकाच्या अखेरीपासून इंजिनावरच चालणारा पडद्याचा पंप प्रचारात येऊ लागला, आणि टाकी उताराच्या बंधनातून मुक्त झाली. आता ती कोठेही बसविता येत होती. साधनाच्या दृष्टीने हा टप्पा विशेष महत्त्वाचा आहे. कारण जेथे सक्ती संपते तेथे निवड सुरू होते, आणि निवडीतूनच निवडणाऱ्याचे मन वाचता येते.

आपल्या प्रांतापुरते पाहू गेल्यास दोन उदाहरणे विचारात घेण्याजोगी आहेत. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ पासून मुंबईत शिवडी येथे शेव्हरले मोटारी व ट्रक यांची जुळणी चालविली होती. केवळ जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना प्रतिकूल असे सरकारी धोरण १९५३ मध्ये ठरल्यावर १९५४ मध्ये ते काम थांबले. ह्याच सुमाराच्या शेव्हरले पिकअपमध्ये टाकीची जागा बदललेली आढळते. १९४७ मध्ये आलेल्या नव्या बांधणीत ती हौद्याखाली होती; १९४९ मध्ये ती केबिनीत, आसनाच्या पाठीमागे उभी करण्यात आली व तिचे तोंड केबिनीच्या मागल्या कोपऱ्यातून बाहेर काढण्यात आले. ह्या जागेचे लाभ उघड आहेत. चाकांनी उडविलेले दगड व चिखल तेथे पोहोचत नाहीत, पत्रा कमी गंजतो, हौद्याखालची जागा मोकळी होते. शेतमाल वाहणाऱ्या, कच्च्या रस्त्याने धावणाऱ्या गाडीला हेच लाभ मोलाचे वाटावेत यात नवल नाही. ज्या पेट्रोलला चिखलापासून वाचवावयाचे, त्याच्या पुढ्यात माणसे बसावयाची आहेत, ही गोष्ट तेव्हा गौण मानली गेली.

दुसरे उदाहरण जीपचे. युद्धकालीन विलीज जीपमध्ये टाकी चालकाच्या आसनाखाली होती, आणि पेट्रोल भरावयाचे तर चालकाने खाली उतरून आसनाची गादी उचलावी लागे. रणांगणावर ही अडचण क्षम्य होती. युद्ध संपताच १९४५ मध्ये 'सीजे–२ए' ही नागरी वापराची जीप बाजारात आली, तेव्हा टाकी जागच्या जागी ठेवून तिचे तोंड तेवढे बाजूच्या पत्र्याबाहेर आणण्यात आले. म्हणजे तोंडाचे स्थलांतर हे टाकीच्या स्थलांतराहून निराळे आहे, आणि त्यामागचा हेतूही निराळा असू शकतो. येथे तो हेतू सोयीचा होता. १९४५ मध्ये 'महिंद्र अँड महंमद' ह्या नावाने स्थापन झालेली व १९४८ मध्ये 'महिंद्र अँड महिंद्र' झालेली कंपनी मुंबईत माझगाव येथे जीपची जुळणी करू लागली, ती ह्याच नागरी घराण्यातील जीपची. पुढे 'सीजे–३बी' ह्या बांधणीपासून निघालेल्या गाड्या ह्या देशात कित्येक दशके तयार होत राहिल्या. सरकारी खाती, साखर कारखाने, दौऱ्यावरचे अधिकारी व निवडणुकीतले उमेदवार ज्या जीपमधून महाराष्ट्रभर फिरले, तिच्या बाजूच्या पत्र्यावरचे झाकण म्हणजे सैनिकी वाहन नागरी झाल्याची खूण होय.

४

तिसऱ्या टप्प्यात टाकीचे स्थान धडकेच्या विचाराने ठरू लागले. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून धडकेनंतर इंधन सांडण्यावर मर्यादा घालणारे मानक प्रवासी मोटारींना लागू झाले. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्याची व्याप्ती वाढून हलक्या मालमोटारीही त्यात आल्या. दरम्यान १९७३ मध्ये जनरल मोटर्सने आपल्या पिकअपची टाकी केबिनीतून काढून सांगाड्याच्या बाहेरच्या अंगास, बाजूला टांगली. केबिनीतून पेट्रोल गेले, मोठी टाकी बसविता आली, हवी तर दोन्ही बाजूंना एकेक बसविण्याचीही सोय झाली. वरवर पाहता ही निर्विवाद प्रगती होती.

तथापि सांगाड्याचे पोलादी दांडे टाकीच्या आतल्या बाजूला राहिले. बाजूने दुसरे वाहन येऊन आदळले, तर टाकी व ते वाहन यांच्यामध्ये पातळ पत्र्याखेरीज काही उरले नाही. ह्या गाड्यांना लागलेल्या आगींवरून पुढे मोठा वाद झाला. १९९२ मध्ये अमेरिकन शासनाने चौकशी आरंभिली, आणि डिसेंबर १९९४ मध्ये कंपनीने सुरक्षिततेच्या विविध कार्यक्रमांसाठी पाच कोटी दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम खर्च करण्याचे मान्य केल्यावर ती मिटली. तत्पूर्वी १९८८ च्या नव्या बांधणीत टाकी दोन दांड्यांच्या आत आली होती.

ह्या प्रकरणापासून इतिहासाच्या अभ्यासकाने घ्यावयाचा बोध असा, की टाकीचे स्थलांतर ही अज्ञानाकडून ज्ञानाकडे जाणारी सरळ रेषा नव्हे. प्रत्येक वेळी एक धोका दूर झाला व दुसरा पत्करला गेला. उपासमार टाळण्यासाठी टाकी पुढे आली, चिखल टाळण्यासाठी आत आली, माणसाजवळून हलविण्यासाठी बाहेर गेली, आणि बाहेर गेल्यावर धडकेच्या तोंडी सापडली. कोणता धोका कोणी सोसावा याविषयी त्या त्या काळाने केलेला निवाडा टाकीच्या जागेत नोंदलेला असतो.

५

आता आजच्या स्थलांतराकडे वळू. केबिनीतील टाकी काढून हौद्याखाली नेणाऱ्या मालकाची भूमिका समजण्यासारखी आहे. पाठीमागे साठ लिटर, म्हणजे वजनाने सुमारे पंचेचाळीस किलो पेट्रोल घेऊन आपल्या मुलाबाळांना शेजारी बसविणे त्याला नको वाटते. परंतु हे काम टाकी उचलून दुसरीकडे बांधण्याइतके सोपे नाही. टाकी सांगाड्याच्या दांड्यांच्या आत बसली पाहिजे. धुराच्या तप्त नळीपासून ती दूर राहिली पाहिजे. भरण्याच्या नळीला तोंडापासून टाकीपर्यंत अखंड उतार मिळाला पाहिजे, आणि आतली हवा बाहेर पडण्यास स्वतंत्र वाट असली पाहिजे. नाहीतर पेट्रोल भरताना ते उसळून बाहेर येते. पंपाने टाकीला उतारातून सोडविले. तिच्या तोंडाला मात्र उतारातून अद्यापि सुटका नाही. शिवाय तोंडासाठी हौद्याच्या बाजूला अथवा तळाला भोक पाडावे लागते, आणि केबिनीचे जुने भोक बुजवावे लागते. ह्या दोन भोकांपाशीच कायद्याचा व इतिहासाचा प्रश्न उभा राहतो.

कायद्याने टाकीकडे वाहनाचा अवयव म्हणूनच पाहिले आहे. १९३४ च्या पेट्रोलियम अधिनियमाने वाहनाला जोडलेल्या टाकीतील इंधनास परवान्याच्या अटीतून सूट दिली, ती ह्याच दृष्टीने. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाचे ५२ वे कलम नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल करण्यास प्रतिबंध करते. जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी निराळी नोंदणी सुरू केली. तिचा लाभ मूळ स्वरूपात राखलेल्या, सांगाडा, बाह्यांग वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या वाहनांनाच मिळतो. हौद्याला पाडलेले एक भोक मोठ्या फेरफारात मोडते काय, हे अधिकाऱ्याने ठरवावयाचे आहे. पण 'मूळ स्वरूप' ह्या शब्दांचा अर्थ लावणे हे काम केवळ अधिकाऱ्याचे नाही, ते इतिहासाच्या अभ्यासकाचेही आहे.

प्रस्तुत लेखकाच्या मते येथे देवळाच्या जीर्णोद्धाराला आपण जो नियम लावतो तोच लावावा. भिंतीला टेकू देण्यास कोणाची हरकत नसते. शिलालेखावर गिलावा चढविण्यास असते. टाकी हलविणे हा टेकू आहे. ती हलविल्याची खूण पुसणे हा गिलावा आहे. सांगाडा न कापता, मूळची छिद्रे वापरून नवी टाकी बसविली, जुनी टाकी व तिचे झाकण जपून ठेवले, केबिनीचे भोक पत्रा डकवून नष्ट न करता झाकणाने बंद केले, आणि बदलाची तारीख, कारण व करणाऱ्याचे नाव गाडीच्या कागदपत्रांत नोंदविले, तर त्या गाडीची साक्ष नष्ट होत नाही; उलट तीत आपल्या काळाच्या निवाड्याची भर पडते. नोंद न करता केलेला बदल मात्र पुढल्या अभ्यासकाची फसवणूक करतो. १९५० च्या शेव्हरलेत टाकी हौद्याखाली पाहून तो चालकाच्या सुरक्षिततेचा विचार वीस-पंचवीस वर्षे आधी झाला असा निष्कर्ष काढील, आणि त्याला दोष देता येणार नाही.

६

ह्या दिशेने पदव्युत्तर विद्यार्थ्यांना करण्याजोगे काम पुष्कळ आहे, आणि ते दाराशी आहे. हर्सूलवरून फुलंब्री, सिल्लोड व अजिंठ्याकडे जाणारा रस्ता आजही शेतमालाच्या पिकअपांनी भरलेला असतो. ह्या मार्गावरील वयोवृद्ध मिस्त्री व चालक यांच्या स्मरणात पेट्रोलच्या जीपला डिझेलचे इंजिन बसविल्याच्या, त्यासाठी टाकीला परतीची नळी जोडल्याच्या, गळकी टाकी काढून दुसऱ्या गाडीची लावल्याच्या हकिकती असणार. त्या लिहून घेताना टाकी कोठे होती, कोठे नेली, केव्हा नेली आणि का नेली, एवढे चार प्रश्न विचारले तरी पुरे. कारखान्याने केलेले बदल पुस्तिकांत सापडतात. रस्त्याच्या कडेला झालेले बदल माणसांबरोबर जातात. वाहन-उद्योगाच्या ह्या जिल्ह्यात त्या दुसऱ्या इतिहासाची नोंद आजच व्हावयास हवी.