तवंगाची कुळकथा

मावळात किंवा खेड तालुक्यात जुन्या घराच्या परसदारी, मोरीचे पाणी जेथे बाहेर पडे तेथे, अळवाचा अथवा कर्दळीचा एक वाफा असावयाचा. चुलीतील राखेने आणि नारळाच्या शेंडीने घासलेल्या भांड्यांचा ओशटपणा राखेतल्या क्षाराशी मिसळून त्या वाफ्यातच जिरून जाई, आणि पाण्यावरच्या तवंगाचे पुढे काय झाले याची विचारपूस करण्याचा प्रसंग कोणावर येत नसे. तवंगाविषयी कायदा करावा लागला तो दोन गोष्टी एकत्र आल्यावर : शेकडो माणसांचे जेवण एका छपराखाली शिजू लागले, आणि त्या जेवणाचे सांडपाणी मातीऐवजी बंद नळात जाऊ लागले.

पिंपरीच्या माळावर या दोन्ही गोष्टी कारखान्यांच्या पाठोपाठ आल्या. १९५४ साली तेथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले, आणि पुढे वाहनांचे मोठमोठे कारखाने आकुर्डी-चिंचवडच्या हद्दीत उभे राहिले. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ४६ व्या कलमान्वये अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कँटीन ठेवण्याची सक्ती राज्य शासनास करता येत होती. म्हणजे या नगरीला नगरपालिका मिळण्यापूर्वीच तिच्या सार्वजनिक स्वयंपाकघराला कायद्याचा आधार मिळालेला होता. नगरपालिका आली ती ४ मार्च १९७० रोजी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही गावे एकत्र करून. आणि त्याच वर्षी, ७ सप्टेंबरला, महाराष्ट्राने केंद्राची वाट न पाहता केलेल्या १९६९ च्या जलप्रदूषण प्रतिबंधक अधिनियमाखाली प्रदूषण मंडळ स्थापन झाले. नगर आणि नगराच्या पाण्यावर देखरेख करणारे दप्तर ही एकाच वर्षाची भावंडे आहेत, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो.

बंद नळात तेलाचे काय होते हे ध्यानात घेतल्यावाचून पुढील नियमांचा हेतू उमगत नाही. गरम पाण्याबरोबर पातळ होऊन निघालेली तर्री थंड नळात पोचताच गोठते; तिच्यातील मेदाम्लांचा काँक्रीटमधून सुटणाऱ्या चुन्याशी संयोग होऊन पाण्यात न विरघळणारा एक घट्ट साबण तयार होतो आणि तो नळाच्या अंगाला थरावर थर धरीत जातो. परसातील राखेने तेलाचा साबण करून ते धुऊन काढले, आणि नळातील चुन्याने तेलाचा साबण करून त्याचाच दगड केला. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ साली असा सुमारे अडीचशे मीटर लांबीचा आणि १३० टन वजनाचा अडसर सापडला. आपल्याकडे त्याला कोणी नाव दिलेले नाही, केवळ ‘चेंबर तुंबलं’ एवढेच म्हणतात.

यावरचा उपाय मात्र साधा आहे आणि त्याचे तत्त्व आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हते. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दीत कात्रजहून पुण्यास आणलेल्या नळाच्या वाटेवर ठिकठिकाणी जे उच्छ्वास बांधले, त्यांतून आत उतरून खाली बसलेला गाळ काढता येई. पाण्याला थांबावयास लावले की त्यातील जड ते खाली आणि हलके ते वर जाते, हेच ते तत्त्व. ज्याला आज सारेच ‘ग्रीस ट्रॅप’ म्हणतात ती पेटी म्हणजे मोरी आणि नळ यांच्या मध्ये घातलेला असाच एक विसावा होय : पाणी आत येऊन निवते, आडव्या पडद्याशी त्याचा वेग मोडतो, तेल वर साचते, खरकटे तळाशी बसते, आणि बाहेर जाणाऱ्या नळाचे तोंड खाली बुडलेले असल्यामुळे मधले पाणी तेवढे पुढे सरकते. परंतु ही पेटी वेळेवर उपसली नाही तर ती असून नसल्यासारखीच; म्हणूनच अमेरिकेतील अनेक नगरांच्या उपविधींत तेल आणि गाळ मिळून पेटीच्या चतुर्थांशापर्यंत पोचण्याच्या आत ती रिकामी करावी अशी ताकीद असते.

आपल्या कायद्याने पेटीऐवजी आकडा धरला. पर्यावरण संरक्षण नियमांत १९९३ साली जी सर्वसाधारण मानके घातली गेली त्यांप्रमाणे सार्वजनिक मलवाहिनीत सोडावयाच्या पाण्यात तेल व ग्रीस लिटरमागे २० मिलिग्रॅमहून अधिक असू नये, आणि नदीत सोडावयाच्या पाण्यात १० हून अधिक नसावे; वाहिनीला दिलेली ही सवलत पुढे शुद्धीकरण केंद्र आहे या भरवशावरची आहे. हजार लिटर पाण्यात चार लहान चमचे तेल, एवढाच त्या २० चा अर्थ. आकडा योग्य आहे. परंतु तो मोजावयास प्रयोगशाळा लागते, आणि पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणच्या आसपास ट्रक थांबतात त्या प्रत्येक ढाब्याच्या मोरीशी प्रयोगशाळा नेता येत नाही. पेटीचे झाकण मात्र कोणत्याही निरीक्षकाला उघडून पाहता येते, आणि उपशाची नोंदवही कोणालाही वाचता येते. स्थानिक नियमाचे बळ असावे ते येथे.

कढईतल्या तेलाचा बंदोबस्त त्या मानाने सहज झाला. १ जुलै २०१८ पासून वारंवार तापवलेल्या तेलातील ध्रुवीय संयुगांना शेकडा २५ ची मर्यादा आली, आणि १ मार्च २०१९ पासून रोज पन्नास लिटरहून अधिक तेल तळणीस वापरणाऱ्यांना त्याचा हिशेब ठेवावा लागला. टाकाऊ तेलाचे बायोडिझेल होते, त्याला गिऱ्हाईक मिळते, म्हणून ते डब्यात भरून विकले जाते. मिसळीच्या ताटाला चिकटून राहिलेल्या तर्रीला मात्र गिऱ्हाईक नाही, आणि ज्याला मोल नाही ते नळात जाते.

नळ तुंबला म्हणजे तो मोकळा करावयास कोणीतरी लागतो, आणि या कुळकथेतील सर्वांत दुःखाचे प्रकरण तेथे आहे. कुजत्या मेदाखाली हवा पोचत नाही, तेथे विषारी वायू साचतो. २०१३ च्या अधिनियमाने संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात उतरवणे निषिद्ध ठरवले, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. जेटिंगची यंत्रे आली आहेत हे खरे. तरी मोरीपाशी हातभर खोलीच्या पेटीत लांब दांड्याच्या पळीने जो थर सकाळी दहा मिनिटांत काढता येतो, तो पुढे नळात दगड होऊन बसल्यावर फोडण्यासाठी कोणत्याही माणसाला चेंबरमध्ये उतरावे लागू नये, एवढी जबाबदारी खानावळीच्या मालकाची आहे.