रॉयल ऑपेरा हाऊस, मुंबई

रॉयल ऑपेरा हाऊस ही मुंबईतील गिरगाव परिसरात, चर्नी रोड रेल्वे स्थानकाजवळ मामा परमानंद मार्गावर असलेली ऐतिहासिक नाट्यगृहाची वास्तू आहे. भारतात टिकून राहिलेले एकमेव ऑपेरागृह म्हणून ती ओळखली जाते. प्रत्यक्षात तिच्या आयुष्याचा मोठा भाग चित्रपटगृह म्हणून गेला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नाटक व चित्रपट या दोन्हींसाठी नावाजलेली ही वास्तू १९९३ मध्ये बंद पडली आणि त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळ कुलूपबंद राहिली. जीर्णोद्धारानंतर ऑक्टोबर २०१६ मध्ये ती पुन्हा खुली झाली.

उभारणी

कोलकात्याहून कारभार पाहणारे नाट्यव्यावसायिक मॉरिस बँडमन आणि मुंबईतील पारशी उद्योजक जहांगीर फ्रामजी कराका यांनी १९०८ च्या सुमारास या नाट्यगृहाची कल्पना मांडली. दिल्ली दरबारासाठी भारतात आलेल्या पंचम जॉर्ज यांच्या हस्ते १९११ मध्ये उद्घाटन झाले, त्या वेळी बांधकाम पूर्ण झालेले नव्हते. नावातील 'रॉयल' हा शब्द या राजभेटीतून आला. मुख्य काम १९१२ मध्ये संपले. दर्शनी भागातील फेरफार व भर घालण्याचे काम पुढेही काही वर्षे चालू होते.

इमारतीची शैली युरोपीय बरोक वळणाची असून तिच्यात भारतीय तपशिलांची सरमिसळ आहे. सज्जांवर सोनेरी नक्षी, प्रेक्षागृहाच्या दोन्ही अंगांना खाशा प्रेक्षकांसाठी कक्ष, आणि साहित्यिक, कवी व नाटककारांना अभिवादन म्हणून आठ भागांत चितारलेला घुमट ही तिची वैशिष्ट्ये होत. प्रवेशदालनातील स्फटिकाची झुंबरे ससून कुटुंबाने दिलेली आहेत. ध्वनिक्षेपक नसलेल्या काळात सर्वांत वरच्या सज्जातील प्रेक्षकालाही रंगमंचावरचा शब्द स्पष्ट ऐकू यावा, अशी छताची रचना करण्यात आली होती.

नाटक आणि चित्रपट

आरंभीच्या काळात येथे युरोपीय संगीतिका, परदेशी मंडळींचे प्रयोग आणि पारशी, गुजराती व मराठी नाटके होत. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ मंगेशकर, मास्टर कृष्णराव व बापूराव पेंढारकर यांच्या नावांशी हा रंगमंच जोडला गेला आहे. १९१७ पासून नाटकांच्या जोडीने मूकपटही दाखवले जाऊ लागले.

बोलपटाच्या आगमनानंतर पारडे फिरले. १४ मार्च १९३१ रोजी गिरगावातीलच मॅजेस्टिक चित्रपटगृहात 'आलम आरा' प्रदर्शित झाला आणि काही वर्षांतच संगीत नाटक मंडळ्यांचे अर्थकारण कोलमडू लागले. १९३५ साली खुद्द बालगंधर्व प्रभात फिल्म कंपनीच्या 'धर्मात्मा' या चित्रपटात पडद्यावर आले. त्याच वर्षी आयडियल पिक्चर्स या कंपनीने ऑपेरा हाऊसचे चित्रपटगृहात रूपांतर करण्याचे काम हाती घेतले. पडद्याकडे नीट पाहता यावे म्हणून दोन्ही अंगांचे मूळ कक्ष काढून टाकण्यात आले. पुढे झालेल्या दुर्लक्षाची चर्चा बरीच होते. मात्र वास्तूच्या मूळ रूपाची पहिली मोठी हानी तिच्या भरभराटीच्या काळात, धंद्याच्या गरजेपोटी झाली, हे सहसा ध्यानात घेतले जात नाही.

चित्रपटगृह झाल्यावरही रंगभूमीशी नाते तुटले नाही. पृथ्वीराज कपूर यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या पृथ्वी थिएटर्सचे मुंबईतील प्रयोग प्रामुख्याने येथे होत. नियमित वेळा चित्रपटांसाठी राखलेल्या असल्याने नाटकांना सकाळची वेळ मिळे. प्रयोग संपल्यावर पृथ्वीराज दाराशी झोळी घेऊन उभे राहत आणि बाहेर पडणारे प्रेक्षक तीत मदतनिधी टाकत. १९६० मध्ये ही संस्था बंद पडली. तत्पूर्वी, १९५२ मध्ये, वास्तूची मालकी गोंडल संस्थानचे महाराज विक्रमसिंहजी यांच्याकडे आली होती.

ऱ्हास

दक्षिण मुंबईत एखाद्या हिंदी चित्रपटाचे 'मेन थिएटर' कोणते, याला एके काळी व्यवसायात फार महत्त्व होते. लॅमिंग्टन रोड (आताचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) व त्याच्या आसपास मिनर्व्हा, नाझ, स्वस्तिक, अप्सरा, इंपीरियल, ड्रीमलँड, रॉक्सी अशी चित्रपटगृहांची रांगच होती आणि ऑपेरा हाऊस तिच्या एका टोकाला होते. या रांगेचा उताराचा काळ १९८० च्या दशकात सुरू झाला. १९८२ मध्ये रंगीत दूरचित्रवाणी आली. पाठोपाठ व्हीसीआर आणि गल्लोगल्ली व्हिडिओ कॅसेट भाड्याने देणारी दुकाने आली. नव्या चित्रपटाची चोरटी प्रत काही दिवसांतच घरी पाहता येऊ लागली. तिकिटावरील करमणूक शुल्काचा बोजा महाराष्ट्रात जड होता. करांच्या निषेधार्थ १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यातील चित्रपट व्यवसायाने बंद पुकारला, त्यात चित्रपटगृहांचे दरवाजेही मिटले. १९९० नंतर केबल वाहिन्या घरोघरी पोहोचल्या.

मोठ्या प्रेक्षागृहाचे गणित अशा वेळी लवकर बिघडते. खेळाला प्रेक्षक निम्मे आले म्हणून वीज, पंखे, प्रक्षेपणयंत्र, डोअरकीपर व सफाईचा खर्च निम्मा होत नाही. तिकीटबारीवर जमलेल्या रकमेतून आधी शुल्क व वितरकाचा वाटा जातो. उरलेल्यातून पगार भागवल्यावर दुरुस्तीला पैसा राहत नाही. खुर्च्या फाटतात, छत गळते, कुटुंबवत्सल प्रेक्षक येईनासा होतो आणि उत्पन्न आणखी घटते. साध्या इमारतीत हा खर्च काही काळ पुढे ढकलता येतो. नक्षीकाम, रंगीत काचा आणि जुनी छते असलेल्या वास्तूत गळतीचा प्रत्येक पावसाळा कायमचे नुकसान करून जातो.

परिसरही बदलत होता. १९८२ च्या गिरणी संपानंतर जवळच्या गिरणगावातील कामगार प्रेक्षकाची मिळकत आटली. गिरगावातील चाळींमधून मराठी मध्यमवर्गीय कुटुंबे बोरिवली, डोंबिवलीकडे सरकली आणि ऑपेरा हाऊस भागात हिऱ्यांच्या व्यापाराची कार्यालये वाढली. दिवसा प्रचंड वर्दळ आणि सायंकाळनंतर शुकशुकाट अशी या भागाची रीत झाली. १९९२-९३ च्या दंगली व १२ मार्च १९९३ चे बाँबस्फोट, ज्यात दादरचे प्लाझा चित्रपटगृहही लक्ष्य झाले, यांमुळे शहरात रात्रीच्या खेळांना जाण्याची सवय आणखी कमी झाली. १९९३ मध्ये ऑपेरा हाऊसचे दरवाजे बंद झाले.

बंद काळ

बंद झालेल्या एकपडदा चित्रपटगृहांपुढे मुंबईत सहसा दोन वाटा असत: पाडून त्या जागी व्यापारी संकुल उभारणे, किंवा तसेच पडू देणे. मॅजेस्टिकच्या जागी व्यापारी संकुल उभे राहिले; 'शोले' वर्षानुवर्षे चालवणारे मिनर्व्हाही पाडले गेले. ऑपेरा हाऊस पाडले गेले नाही. १९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा वास्तूंचे नियम लागू झाले व संरक्षित वास्तूंवर हात टाकणे अवघड झाले. मालक घराण्यानेही ही वास्तू विकून टाकली नाही. चित्रपटगृह म्हणून ती पुन्हा सुरू करणेही सोपे नव्हते, कारण २००१ पासून राज्याने बहुपडदा चित्रपटगृहांना आरंभीच्या वर्षांसाठी करमणूक शुल्कात सूट दिली आणि जुन्या चित्रपटगृहांची स्पर्धेतील बाजू अधिकच लंगडी झाली.

या वर्षांत बाहेरच्या भिंतींवर झाडे रुजली आणि आतील गिलावा सुटू लागला. नाव मात्र पत्त्यांत, बसथांब्यांवर आणि हिरेबाजारात कायम होते. १३ जुलै २०११ च्या साखळी स्फोटांतील एक स्फोट या भागात झाला, तेव्हा देशभरच्या बातम्यांत 'ऑपेरा हाऊस' हे नाव एका भागाचे म्हणून आले. त्या नावाचे नाट्यगृह अजून उभे आहे, याची कल्पना अनेकांना नसावी.

जीर्णोद्धार

गोंडल घराण्याने वास्तुसंवर्धनतज्ज्ञ आभा नारायण लांबा यांच्याकडे जीर्णोद्धाराचे काम सोपवले. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने २०१२ च्या धोक्यातील वारसास्थळांच्या यादीत या वास्तूचा समावेश केला. आधी छत व सज्जे यांची बळकटी करण्यात आली. त्यानंतर जुन्या छायाचित्रांच्या आधारे चित्रपटगृहाच्या काळात काढून टाकलेले कक्ष पुन्हा उभारण्यात आले, तसेच रंगांचे थर खरवडून मूळ छटांचा शोध घेण्यात आला.

२० ऑक्टोबर २०१६ रोजी मुंबई चित्रपट महोत्सवाच्या अठराव्या पर्वाच्या उद्घाटनाने वास्तू पुन्हा खुली झाली. लगेच पुढे, मुंबईत जन्मलेल्या ब्रिटिश गायिका पॅट्रिशिया रोझारिओ यांच्या पाश्चात्त्य अभिजात गायनाचा कार्यक्रम झाला. आसनसंख्या आता ५७५ आहे. २०१७ मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कारांतील गुणवत्ता पुरस्कार मिळाला. नाटके, संगीत व नृत्याचे कार्यक्रम आणि महोत्सवांतील चित्रपट येथे होतात. रोजचे चित्रपटाचे खेळ पुन्हा सुरू करण्यात आलेले नाहीत.