हॅम्स्टरचे बीळ आणि हॅम्स्टरचा पिंजरा

पिंजऱ्यालाही इतिहास असतो असे म्हटले, तर इतिहासाचा मास्तर काहीतरी ओढूनताणून बोलतो आहे असे आपल्याला वाटेल. पण शहरातल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानांत तांबूस-सोनेरी रंगाचा, आखूड शेपटाचा, गाल फुगवून बसणारा जो एक चिमुकला प्राणी विकायला असतो, त्या हॅम्स्टरची हकीकत पिंजऱ्यावाचून सांगताच येत नाही. मुंबई-पुण्याला नोकरीस असलेला तुमचा भाऊ मुलांच्या हट्टापायी तो घेतो, सुट्टीत गावी येताना बरोबर आणतो, आणि मग घरात चर्चा सुरू होते की याला ठेवायचे कशात? पोपटाच्या पिंजऱ्यात, की कोंबडीच्या खुराड्यात? याचे उत्तर हवे असेल तर आपल्याला सीरिया देशातल्या गव्हाच्या शेतात जावे लागेल.

सीरियाच्या उत्तर भागात अलेप्पो नावाचे फार जुने व्यापारी शहर आहे. अरबी लोक त्याला हलब म्हणतात. अठराव्या शतकात तेथील इंग्रज व्यापाऱ्यांच्या वसाहतीत अलेक्झांडर आणि पॅट्रिक रसेल हे भाऊ एकामागून एक वैद्य होते. अलेप्पोच्या निसर्गावर अलेक्झांडरने लिहिलेल्या ग्रंथाची वाढवलेली आवृत्ती पॅट्रिकने १७९४ साली काढली. तीत या प्राण्याची नोंद आहे. त्याच्या दोन्ही गालांच्या पिशव्यांत कोवळ्या शेंगा इतक्या नीट रचून भरलेल्या होत्या, की बाहेर काढल्यावर त्यांचा ढीग त्या प्राण्याहून मोठा झाला! हा पॅट्रिक रसेल आपल्याला अगदीच परका नाही बरे का. मधल्या काळात तो ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत विशाखापट्टणकडे होता आणि सापांचा अभ्यास करीत होता. आपली घोणस इंग्रजीत त्याच्याच नावाने ओळखली जाते.

१८३९ साली वॉटरहाऊस नावाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने हॅम्स्टरच्या या जातीचे शास्त्रीय वर्णन केले, आणि पुढे जवळजवळ शंभर वर्षे तिची कोणी फारशी विचारपूस केली नाही.

ती झाली एका रोगामुळे. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात सॉल ॲडलर हे संशोधक काळा आजार व त्याच्या जातीचे इतर रोग यांचा अभ्यास करीत होते. बंगाल-बिहारात या काळ्या आजाराने केवढा हाहाकार केला होता, हे शिक्षक मंडळींना ठाऊक असेलच. ॲडलर प्रयोगासाठी चिनी हॅम्स्टर वापरीत, पण ते कोंडून ठेवले की वीण होत नसे. दर वेळी चीनमधून नवे मागवायचे, हे किती दिवस चालणार? म्हणून त्यांनी त्याच विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांना जवळपासचा एखादा हॅम्स्टर शोधून आणायला सांगितले.

अहारोनी अलेप्पोला गेले. तेथील एका शेखाने मजूर लावून एक शेत खणायला घेतले. गव्हाचे बरेच पीक उकरून निघाले, आणि १२ एप्रिल १९३० रोजी एका बिळात मादी आणि तिची अकरा पिले सापडली. पेटीत घालताच मादीने जवळ आलेल्या पहिल्या पिलालाच मारले. बाकीची पिलेही ती मारील या भीतीने तिला मारून टाकण्यात आले. डोळेही न उघडलेली दहा पिले अहारोनी आणि त्यांच्या पत्नीने हातांनी वाढवली. त्यांपैकी नऊ विद्यापीठाच्या प्राणिगृहाचे प्रमुख बेन-मेनाहेम यांच्या स्वाधीन झाली.

आता पिंजऱ्याची गोष्ट येते. या नऊ जणांना ज्या पिंजऱ्यात ठेवले, त्याचा तळ लाकडी होता. सकाळी पाहतात तो लाकूड कुरतडून पाच जण पसार! त्यांतले एकही जिवंत परत मिळाले नाही. शेतातल्या उंदराशी ज्याची गाठ पडली आहे अशा कोणाही शेतकऱ्याने हे आदल्या दिवशीच सांगितले असते. पण विद्यापीठात शेतकऱ्याला विचारतो कोण?

उरलेल्यांतही मारामारी होऊन एक मादी प्राणाला मुकली. सगळा उद्योग बुडाल्यातच जमा होता. तेव्हा बेन-मेनाहेम यांनी एक युक्ती केली. तारेच्या जाळीचा मोठा पिंजरा घेऊन त्यांनी तो वाळलेल्या गवताने गच्च भरला. वर उजेडापुरती थोडी जागा मोकळी ठेवली. मादीला आत सोडताच ती उजेड टाळून गवतात शिरली आणि आत बोगदे करू लागली. मग नराला सोडले. तोही तिच्या मागोमाग गवतातून वाट काढीत गेला, आणि जोडी जमली. सोळा दिवसांत पिले झाली, आणि वर्षभरात त्यांची संख्या दीडशेच्या घरात गेली.

माझ्या मते या सबंध हकीकतीत त्या गवताइतके महत्त्वाचे दुसरे काही नाही. उघड्या पिंजऱ्यात जो प्राणी भावंडांचा जीव घेत होता, त्याला लपायला जागा मिळताच त्याचा संसार सुरू झाला. बेन-मेनाहेम यांनी पिंजऱ्यातच बीळ आणून ठेवले होते.

पुढचा प्रवास झपाट्याने झाला. १९३१ साली ॲडलर यांनी काही हॅम्स्टर कोटाच्या खिशात घालून इंग्लंडला नेले. १९३८ साली ते अमेरिकेत पोचले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर अल्बर्ट मार्श नावाच्या एका रस्ते-अभियंत्याने जाहिराती देऊन ते घरोघरी विकले. आज पाळले जाणारे बहुतेक सगळे सोनेरी हॅम्स्टर त्या एका बिळाचे वंशज आहेत. मात्र घराघरांत गेला तो प्रयोगशाळेतला तोकडा पिंजरा; खाली चार बोटे भुसा आणि कोपऱ्यात पाण्याची बाटली. बेन-मेनाहेम यांचे गवत मागेच राहिले. पुढे रंगीत प्लास्टिकच्या नळ्यांचे पिंजरे निघाले. पाहणाऱ्याला मोठी मौज वाटते, पण आत हवा खेळत नाही आणि धूळमाती साफ करता करता नाकी नऊ येतात.

१९९९ साली जर्मन संशोधक गॅटरमान आणि त्यांचे सहकारी पुन्हा अलेप्पोकडे गेले. त्यांनी मोजलेली बिळे ३६ ते १०६ सेंटिमीटर खोल होती, सरासरी ६५, आणि प्रत्येक बिळात एकच मोठा हॅम्स्टर राहत होता. पुढे २००६ साली स्वित्झर्लंडच्या बर्न येथील संशोधकांनी पिंजऱ्यांत १०, ४० आणि ८० सेंटिमीटर जाडीचा थर घालून पाहिले. उथळ थरावरचे हॅम्स्टर पिंजऱ्याची तार सारखी कुरतडत बसत. ८० सेंटिमीटरच्या थरातल्यांनी तारेला तोंडही लावले नाही. तार कुरतडणारे जनावर दात घासते आहे असे आपण समजतो. प्रत्यक्षात ते कोंडले गेल्याचे सांगत असते.

तेव्हा घरी पिंजरा करायचा झाला तर उंचीपेक्षा तळाची जागा पाहा. १०० सेंटिमीटर लांब आणि ५० रुंद एवढी तरी असावी. लाकडाचा उघडा तळ नको, हे तर इतिहासानेच सांगितले आहे. जुनी काचेची माशांची टाकी स्वस्तात मिळाली तर उत्तम. वर जाळीचे झाकण घट्ट बसवा. आत जाड थर घाला, निदान एका बाजूला वीत-दीड वीत तरी, आणि त्यात सुके गवत मिसळा म्हणजे बोगदे ढासळत नाहीत. वासाचा भुसा आणि कापूस मात्र घालू नका. कापसाचे धागे पायाला गुंडाळतात आणि गालाच्या पिशवीत अडकतात. पळायचे चाक सलग पृष्ठाचे घ्या, काड्याकाड्यांचे नको, आणि एवढे मोठे की पळताना पाठ वाकणार नाही. पिंजरा उन्हात किंवा तापलेल्या पत्र्याखाली ठेवू नका. आणि एका पिंजऱ्यात एकच! एकट्याला करमत नसेल म्हणून दुसरा आणून सोडणे म्हणजे जेरुसलेमची ती मारामारी घरात पुन्हा घडवणे.

राहिली साफसफाई. आपल्याकडे शेतातल्या उंदराचे बीळ उकरले की आत कणसांचा साठा निघतो. हॅम्स्टरही तसाच साठेबाज आहे. जर्मन भाषेत साठेबाजीसाठी त्याच्याच नावावरून क्रियापद झाले आहे, आणि अलेप्पोकडे त्याचे जे नाव सांगतात त्याचा अर्थ 'पडशीवाला' असा आहे. त्यामुळे पिंजरा धुताना सगळाच्या सगळा थर एकदम फेकू नये. घाण झालेला कोपरा रोज काढावा, घरट्यातले जुने गवत थोडे परत ठेवावे, आणि साठ्यातले ओले, सडलेले तेवढेच उचलून सुके दाणे त्याचे त्याला राहू द्यावेत.