खानदेशचे ऐकते वाचक

उतारवयात माणूस देवाधर्माच्या पुस्तकांकडे वळतो, असे सर्रास म्हटले जाते, आणि जळगाव-धुळ्याच्या वाचनालयांतली ज्येष्ठांची मागणी वरवर पाहिली तर ते पटतेही. संतचरित्रे, दासबोध, गीतेवरची पुस्तके, त्यांच्या जोडीला शिवकालावरच्या आणि महाभारतावरच्या जाडजूड कादंबऱ्या, थोरामोठ्यांची चरित्रे, आणि दिवाळीनंतर दोन-तीन महिने पुरवून वाचायचे दिवाळी अंक, असा हा साधारण ऐवज. यातली पहिली तीन नावे पाहून लोक निष्कर्ष काढतात की पैलतीर दिसू लागला म्हणून हे वाचन. पण मग कादंबऱ्यांचे काय करायचे? परलोकाची सोय कर्णाच्या कादंबरीने होत नाही. खानदेशच्या दोनेकशे वर्षांच्या वाचनव्यवहाराकडे पाहिले की वेगळेच काही दिसते. ही आवड विषयापेक्षा सांगण्याच्या रीतीची आहे. कोणीतरी समोर बसून सांगतो आहे असे ज्या पुस्तकात वाटते ते इथल्या जुन्या वाचकाला धरून ठेवते, मग त्यात रामदास असोत की माधवराव पेशवे. या आवडीचे मूळ चातुर्मासात देवळात लागणाऱ्या पोथीत आहे.

पोथी लागायची ती आषाढी एकादशीनंतर, बहुधा श्रावणात. पेरण्या उरकलेल्या, निंदणी-कोळपणी हातावेगळी होत आलेली, कापूस वेचणीला अजून अवकाश. रात्रीची जेवणे झाली की मारुतीच्या देवळात किंवा एखाद्याच्या ओसरीवर मंडळी जमत. श्रीधराचा ‘हरिविजय’, ‘रामविजय’ किंवा १७१२ मध्ये पुरा झालेला ‘पांडवप्रताप’, महिपतीचा ‘भक्तिविजय’, नाहीतर ‘नवनाथ भक्तिसार’ यांपैकी एक ग्रंथ ठरायचा आणि रोज एखादा अध्याय पुढे सरकायचा. पाटावर लाल बासन सोडले जाई. आत आडवी, सुटी पाने असत, दोरा नाही की बांधणी नाही. एक पान वाचून झाले की ते उलटे करून पलीकडच्या बाजूला ठेवायचे. अक्षर टपोरे, ओळींत अंतर भरपूर. दिव्याच्या उजेडात, साठीच्या डोळ्यांना आणि थरथरत्या हाताला सोसेल अशी ही रचना होती. आजच्या पाचशे पानी, बारीक टायपातल्या पुस्तकाला ते भाग्य नाही. वाचणारा ओव्या म्हणे, आणि चार ओव्या झाल्या की दुसरा एक जाणता गृहस्थ अर्थ सांगे. बहुतेक श्रोत्यांना गोष्टीचा शेवट आधीच ठाऊक असे. पुढे काय होणार यापेक्षा ते आज कसे सांगितले जाते, यात खरा रस. समाप्तीच्या दिवशी भंडारा असायचा.

असे तर महाराष्ट्रभर होते, त्यात खानदेशचे वेगळेपण ते काय, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. पोथीची चाल खानदेशची मिरासदारी नव्हे. पण इथे त्या अर्थ सांगणाऱ्याचे काम जास्त अवघड आणि म्हणून जास्त मोलाचे होते. धुळ्याकडच्या घरात अहिराणी, जळगाव-यावल-रावेरच्या पट्ट्यात तावडी किंवा लेवा बोली; श्रीधराची ओवी या दोहोंपासून बरीच दूर. अर्थ सांगणारा ती ओवी घरच्या बोलीत आणून सोडायचा, वर गावातला एखादा दाखला जोडायचा. छापील मराठी आणि घरची बोली यांतला हा पूल माणसाच्या तोंडून बांधला गेल्यामुळे खानदेशात ग्रंथ म्हणजे सांगणाऱ्यासकट ग्रंथ, अशी सवय लागली. वहीगायनासारखी लांबलचक कथागीते याच मुलखात रात्र-रात्र चालत, हेही लक्षात घ्यावे. कान आधीच तयार होता.

वाचनालय आले ते या कानावर. रेल्वे १८६०च्या दशकात खानदेशात शिरली, कापसाचा व्यापार फोफावला, जळगावात पेढ्या, जिन आणि वकील आले. आज ‘व. वा. जिल्हा वाचनालय’ म्हणून ओळखली जाणारी जळगावची संस्था १८७७ची. तिच्या नावातले वल्लभदास वालजी हे नाव ऐकले तरी मराठी पुस्तकांच्या या घरामागे गुजराती व्यापारी वर्गाचाही हात होता हे कळते. या वाचनालयांचे पहिले वाचक सरकारी नोकर, वकील, शिक्षक आणि व्यापारी होते, आणि ते तिथे येत ते मुख्यतः वर्तमानपत्रांसाठी. धुळ्यात गोष्ट जरा निराळी घडली. शंकर श्रीकृष्ण देवांनी आणि त्यांच्या सत्कार्योत्तेजक सभेने रामदासी वाङ्मयाचा ध्यास घेतला. डोमगावच्या मठातल्या कल्याणस्वामींच्या हस्तलिखितावरून देवांनी १९०५ मध्ये दासबोध छापला आणि पुढे समर्थ वाग्देवता मंदिरात बाडांचा मोठा संग्रह उभा राहिला. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले. त्यांच्या दप्तरांसाठी १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ निघाले. एका जिल्ह्याच्या गावात जुन्या कागदांची अशी दोन घरे असावीत, याचा परिणाम वाचकांच्या अभिरुचीवर झाल्यावाचून राहत नाही. दासबोध हा गुरुशिष्यसंवाद; वीस दशक, दोनशे समास. रोज एक समास घेतला तर साडेसहा महिने पुरतो. निवृत्त माणसाच्या दिनक्रमाला असे मापात बसणारे पुस्तक शोधून सापडणार नाही.

माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र तुरुंगातला आहे. १९३२च्या सविनय कायदेभंगात विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात दर रविवारी त्यांनी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले. अठरा रविवार, अठरा अध्याय. ऐकणाऱ्यांत जमनालाल बजाजांसारखे पुढारी होते, तसे साधे सत्याग्रहीही होते. साने गुरुजी समोर बसून भरभर उतरून घेत होते, म्हणून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक जगाला मिळाले. विनोबांची ‘गीताई’ही त्याच वर्षी छापून आली. नीट पाहिले तर ही पोथीच आहे. ठरावीक वार, एक अध्याय, एक सांगणारा, भोवती बसलेली मंडळी, आणि कठीण ग्रंथ सोप्या बोलण्यात उतरवणे. फरक इतकाच की देवळाऐवजी तुरुंग होता आणि कोणीतरी लिहून घेणारा होता. पुढे भूदानयात्रेत हे पुस्तक अनेक भाषांत गेले. तरी मराठीत वाचताना ते आजही छापील प्रबंधासारखे वाटत नाही, बोलण्यासारखे वाटते. ज्येष्ठ वाचक ते पुनःपुन्हा मागून नेतात त्यात भक्ती असेल, पण तितकीच त्या बोलण्याची ओढही असणार. गीतेवर याहून विद्वत्ताप्रचुर ग्रंथ मराठीत आहेत. ‘गीतारहस्या’ला आदर मिळतो; हाताळले जाते ते ‘गीता प्रवचने’.

साने गुरुजींनी हा धडा मनात ठेवला असे म्हणायला जागा आहे. १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरला शिक्षक होते, छात्रालयातल्या मुलांना गोष्टी सांगण्याची त्यांना सवय होती. धुळ्यानंतर वर्षभराच्या आत, १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. तिची प्रकरणे म्हणजे रात्री आहेत: पहिली रात्र, दुसरी रात्र, अशा बेचाळीस. संध्याकाळची प्रार्थना झाली की आश्रमातले मित्र बसतात, श्याम सांगतो, मंडळी मधूनच काही विचारतात, आणि उरलेले उद्यावर जाते. गोष्ट कोकणातली, बैठक मात्र चातुर्मासातल्या कोणत्याही गावाला ओळखीची. मुलांचे पुस्तक म्हणून त्याची ख्याती झाली, पण आजी-आजोबा ते मोठ्याने वाचून दाखवतात तेव्हाच ते पुरते खुलते.

असोद्याच्या बहिणाबाई चौधरींचे उदाहरण सगळ्यांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. अक्षरओळख नसलेल्या या बाईने जात्यावर, शेतात ओव्या रचल्या, घरच्यांनी टिपल्या, १९५१ मध्ये त्या वारल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. खानदेशातल्या कितीतरी वयस्क बायकांना हे पुस्तक पुस्तक म्हणून आठवत नाही, तोंडी आठवते. वाचन आणि ऐकणे यांत भिंत घालणाऱ्या समीक्षेला अशा वाचकांचे काय करावे ते आजवर उमगलेले नाही.

आता कादंबरी. ‘स्वामी’ १९६२ची, ‘मृत्युंजय’ १९६७ची, ‘श्रीमान योगी’ १९६८ची. ज्या पिढीने लहानपणी पांडवप्रताप ऐकला, तीच नोकरीत स्थिरावताना या कादंबऱ्यांवर तुटून पडली आणि निवृत्तीनंतर पुन्हा त्यांच्याकडे आली. ‘मृत्युंजय’मध्ये निवेदक असा नाहीच, कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, श्रीकृष्ण असे एकेक जण समोर येऊन आपली बाजू सांगतात. शेवट सर्वांना माहीत. रथाचे चाक रुतणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असूनही वाचक थांबत नाही. पोथीने घडवलेल्या माणसाला हे परके कसे वाटावे? समीक्षक या कादंबऱ्यांना अलंकारिक, पल्लेदार, भाबड्या म्हणत आले. कागदावर डोळ्यांनी वाचणाऱ्याला ते खरेही वाटेल. मोठ्याने वाचून पाहावे म्हणजे ते अलंकार कशासाठी होते ते कळते.

यावर दोन आक्षेप मला गंभीर वाटतात. पहिला असा की ज्येष्ठांची आवड म्हणजे त्यांच्या तरुणपणची आवडच, जपून ठेवलेली. पोथीचा संबंध ओढूनताणून आणलेला. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा हातोहात वाचणारी मुले आज म्हातारी झाली, आणि त्यांतले पुष्कळजण आजही तीच मागतात. सांगवीच्या भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ची. ती कॉलेजात वाचलेले लोक आज ऐंशीच्या घरात आहेत आणि त्यांना हरिविजयाशी फारसे देणेघेणे नाही. यात तथ्य आहे. म्हातारा वाचक ही काही कायमची जात नव्हे. दर वीस वर्षांनी तो बदलतो. तरी अर्नाळकरांकडे पाहा: झुंजार, काळापहाड हेच नायक पुनःपुन्हा येतात, ते हरणार नाहीत याची खात्री असते, मजा असते ती कसे सुटतात यात. आणि ‘कोसला’ तर पहिल्या वाक्यापासून पांडुरंग सांगवीकर तुमच्याशी बोलतो आहे. नेमाड्यांना पोथीशी नाते जोडलेले आवडेल की नाही कोण जाणे, पण कादंबरीला बोलीचा आवाज देणाऱ्या लेखकाचे गाव यावल तालुक्यात असावे, जिथे महानुभावांच्या लीळा शतकानुशतके ऐकल्या-सांगितल्या गेल्या, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. पोथी कोणाची? देवळाच्या पायरीपलीकडे ज्यांना मज्जाव होता त्यांनी ती कुठून ऐकायची? साने गुरुजींना १९४७ मध्ये पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी उपोषण करावे लागले, यातच उत्तर आहे. पोथीच्या बैठकीला सबंध गावाची बैठक म्हणणे खोटे ठरेल, आणि तिच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांनी हे विसरू नये. पण ज्यांना बाहेर ठेवले त्यांनी पुढे काय केले तेही पाहावे. १९५६च्या धर्मांतरानंतर वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, बुद्धविहारांतून बाबासाहेबांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे रोज वाचन करण्याची रीत महाराष्ट्रभर रुजली. एकजण वाचतो, कोणीतरी समजावून सांगतो, पुढच्या रांगेत वयस्क बाया बसतात. आशय पोथीच्या नेमका उलट, तिच्या मुळावर घाव घालणारा. रीत मात्र ओळखीची, आणि महिनेही जवळजवळ तेच. सांगण्याची ही पद्धत कोणा एका जातीची किंवा श्रद्धेची मिळकत नव्हती, याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

१९६७च्या ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात वाचनालयांना अनुदान आले, अ-ब-क-ड वर्ग आले, गावोगाव पाट्या लागल्या. या व्यवस्थेने वाचक एकटा गृहीत धरला: खाते त्याच्या नावावर, पुस्तक घरी न्यायचे, तारीख उलटली की दंड. वाचनकक्षात शांतता पाळा ही पाटी सर्वत्र. तिथे मोठ्याने वाचणे हा गुन्हाच. नजर मंदावली की असा वाचक आपोआप गळतो, खाते बंद होते, आणि आपण म्हणतो की टीव्हीने वाचन मारले. १९८७ मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ लागे तेव्हा एका संचासमोर सारी आळी जमायची. ती मंडळी वाचनालयाने गमावलेलीच श्रोतेमंडळी होती. खानदेशाने जळगाव, धुळे, अमळनेर इथे साहित्य संमेलने भरवली, अमळनेरने तर १९५२ नंतर २०२४ मध्ये पुन्हा. तेवढ्या खटाटोपापेक्षा फार सोपे काम करायचे राहिले आहे. जळगाव-धुळ्याच्या वाचनालयांनी आठवड्यातली एक दुपार मोठ्याने वाचण्यासाठी राखून ठेवावी, वाचायला एक चांगल्या आवाजाचा माणूस आणि अर्थ सांगायला अहिराणी किंवा लेवा बोली येणारा दुसरा नेमावा, आणि पुस्तक कोणते हे पंचाहत्तरीच्या पुढच्या सभासदांना विचारून ठरवावे.