सर्पगंधा आणि न थांबणारे तोंड

पणजीच्या म्युनिसिपल बागेला गार्सिया द ओर्ताचे नाव आहे, हे तिथल्या बाकांवर बसणाऱ्या किती जणांना ठाऊक असते कोण जाणे. या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. (१५८० साली इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली, तो विषय निराळा.) ग्रंथात सर्पदंशावरच्या मुळ्यांची हकिकत येते. त्यांतली एक सर्पगंधा असावी, असे अभ्यासक मानतात. मला या मुळीचे कुतूहल आहे ते मात्र सापापायी नव्हे, माणसाच्या तोंडापायी.

मनोविकारावरच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणारी काही माणसे आपण पाहिलेली असतात. जीभ आत-बाहेर होते, ओठ चोखल्यासारखे हलतात, रिकामा जबडा चघळत राहतो. घरचे म्हणतात, सवय लागली. शेजारी म्हणतात, वेडच ते. बहुतेक वेळा तो औषधाचा उशिरा दिसणारा परिणाम असतो. डॉक्टर त्याला टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात. उलटीवरच्या मेटोक्लोप्रमाइडनेही तो होऊ शकतो.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरचा सर्पगंधेचा अनुभव 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत त्या मुळीतून रेसरपिन वेगळे काढले गेले. त्याच वर्षी पॅरिसला मनोरुग्णांना क्लोरप्रोमाझिन देणे सुरू झाले. १९५७ चा अमेरिकेतला लास्कर पुरस्कार या दोन्ही औषधांच्या प्रवर्तकांना मिळाला, त्यांत आपले वकीलही होते. आणि नेमक्या त्याच वर्षी शोनेकर या जर्मन डॉक्टराने क्लोरप्रोमाझिन घेणाऱ्यांच्या तोंडाच्या या विचित्र हालचाली नोंदवल्या!

मेंदूतल्या डोपामिनची वाट क्लोरप्रोमाझिन अडवते. फार काळ अडवली की ते घेणाऱ्या पेशी हावऱ्या होतात, असे मानतात. रेसरपिन डोपामिनचा साठाच होऊ देत नाही, म्हणून ते या तोंडावरही वापरून पाहिले गेले. पण रक्तदाब उतरे, मन खचे. त्याच धर्तीवर रोश कंपनीने १९५० च्या दशकात टेट्राबेनाझिन बनवले. त्याचा अंमल लवकर ओसरतो. २०१७ साली अमेरिकेत या विकारासाठी म्हणून मान्यता मिळालेली पहिली दोन औषधे, व्हॅल्बेनाझिन आणि ड्यूटेट्राबेनाझिन, याच टेट्राबेनाझिनची लेकरे.

भारतात टेट्राबेनाझिन मिळते. मन उदास करण्याचा रेसरपिनचा गुण त्यातही थोडा उतरला आहे, म्हणून ते डॉक्टरच्या नजरेखालीच घ्यायचे. मूळची मनोविकाराची गोळी मात्र आपण होऊन अचानक सोडू नये. त्याने तोंड कधी कधी अधिकच हलू लागते.